नारळ फोडल्यावर वाहून जाणारे पाणी

नारळ फोडताना आपले सारे लक्ष खोबऱ्याकडे असते. पाणी पेल्यात धरले तर धरले, नाहीतर ते देवापुढच्या फरशीवर, अंगणात किंवा मोरीत जाते. घरात दोन-चार नारळ फुटतात तोवर कोणाचे काही बिघडत नाही. पण नारळी पौर्णिमेला आणि जत्रेला देवळात शेकड्यांनी नारळ फुटतात. कोकणात खोबरे वाळवून घाण्याला घालणाऱ्याच्या खळ्यावर हंगामात हजारांनी फुटतात. कर्नाटक, केरळ, तामिळनाडूतील खोबऱ्याचा कीस करणाऱ्या कारखान्यांत तर हे रोजचेच काम. तिथे हे पाणी मोजायला घेतले की डोळे उघडतात. एका पक्व नारळात सरासरी शंभर मिलिलिटर पाणी धरले, तर हजार नारळांमागे शंभर लिटर झाले. ते गटारात सोडले की एका दिवसात आंबते, वास सुटतो, माश्या जमतात, आणि शेजारची विहीर जवळ असेल तर भांडणही उभे राहते.

अलीकडे एक नवे बोलणे कानावर येते. हे पाणी आंबवले की त्यातून ‘शर्करा अल्कोहोल’ निघतात, ते औषधाला आणि दंतमंजनाला लागतात, आणि म्हणून नारळ फोडणाऱ्याने आता खोबऱ्यापेक्षा पाण्याकडे पाहावे, असे सांगितले जाते. यातले अर्धे अगदी खरे आहे. दुसऱ्या अर्ध्यात तुमचे पैसे अडकण्याची भीती आहे. म्हणून आधी या पाण्यात असते काय, ते पाहू.

कोवळ्या शहाळ्याचे पाणी गोड लागते, कारण त्यात शेकडा साडेचार भागांच्या आसपास द्राक्षसाखर आणि फळसाखर असते. नारळ आडसर होतो, मग जून होतो, तसतशी ही साखर खोबरे बनवण्यात खर्ची पडते. पक्व नारळाच्या पाण्यात उरते ती बहुतांशी आपली नेहमीची, उसातली साखर. सगळी मिळून ती शेकडा दोन-तीन भाग भरते. पोटॅश मात्र भरपूर असते, लिटरला सुमारे अडीच ग्रॅम. जून नारळाचे पाणी किंचित खारट आणि तुरट लागते, त्याचे एक कारण हेच. आणि या साखरेच्या व क्षारांच्या गर्दीत काही निराळे पदार्थ लपलेले असतात. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल आणि इनॉसिटॉल ही त्यांची नावे. हेच ते शर्करा अल्कोहोल.

नावाने दचकू नका. याने कोणाला नशा येत नाही. साखरेच्या रेणूत थोडा फरक झाला की तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने अल्कोहोलच्या कुळात जातो, एवढाच त्याचा अर्थ. ग्लिसरीन याच कुळातले. चवीला हे पदार्थ कमी-जास्त गोडच असतात. सॉर्बिटॉलची गोडी साखरेच्या साधारण साठ टक्के भरते. तुमच्या घरातली दात घासायच्या पेस्टची नळी उचलून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. बहुधा सॉर्बिटॉलचे नाव सापडेल. पेस्ट वाळून दगड होऊ नये म्हणून ते घालतात. साखरविरहित खोकल्याच्या औषधात, चघळायच्या गोळ्यांत तेच असते. तोंडातले जिवाणू त्यापासून सहजी आम्ल करीत नाहीत, म्हणून दात किडत नाहीत. मधुमेह्याच्या रक्तात ते साखरेपेक्षा सावकाश उतरते, पण ‘शुगर-फ्री’ म्हणजे उष्मांक नाहीत असे समजू नये. ग्रॅमला चारच्या जागी अडीचच्या आसपास उष्मांक असतातच. शिवाय जास्त खाल्ले तर पोट सुटते. सुक्या आलुबुखाऱ्याने पोट साफ होते, त्यातही सॉर्बिटॉलचा वाटा आहे.

इनॉसिटॉलची हकीकत तर तुमच्या शेताशी जोडलेली आहे. १९४१ साली व्हॅन ओव्हरबीक या शास्त्रज्ञाने धोतऱ्याचे कोवळे गर्भ नारळाच्या पाण्यावर बाटलीत वाढवून दाखवले. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात स्ट्यूअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजराच्या पेशी याच पाण्यावर वाढवल्या. या पाण्यात असे आहे तरी काय, म्हणून शोध घेताना त्यांना सॉर्बिटॉल आणि दोन प्रकारचे इनॉसिटॉल सापडले. ते त्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका इनॉसिटॉलला पूर्वी ‘कोकोसिटॉल’ म्हणत, कारण ते आधी नारळाच्या कुळातल्या झाडांच्या पानांत मिळाले होते. आज जळगावकडे ऊतिसंवर्धित केळीची रोपे लावतात. अशी रोपे प्रयोगशाळेत ज्या खाद्यावर वाढवतात, त्या १९६२ सालच्या प्रसिद्ध मिश्रणात लिटरला शंभर मिलिग्रॅम इनॉसिटॉल असते. म्हणजे देवापुढे सांडणारी वस्तू अगदीच टाकाऊ नाही.

मग ती वेगळी कशी करायची? इथे आंबवण्याची क्रिया उपयोगी पडते, आणि त्यामागची युक्ती मला फार आवडते. पाण्यात साखर आणि सॉर्बिटॉल दोन्ही विरघळलेले आहेत. दोघांचे गुण इतके जवळचे की गाळून किंवा आटवून ते सुटे होत नाहीत. पण पाव फुगवायला वापरतात ते यीस्ट साखरेवर तुटून पडते आणि सॉर्बिटॉलला सहसा तोंड लावीत नाही. मिश्र चाऱ्यात शेळी सोडली की ती पाला खाते आणि काड्या ठेवते, तसेच हे. दोन-तीन दिवसांत यीस्ट साखरेचा मद्यार्क आणि कर्बवायू करून टाकते. वायू निघून जातो, मद्यार्क उष्णतेने उडवता येतो, यीस्ट तळाशी बसते. मागे राहतात ते शर्करा अल्कोहोल आणि क्षार. यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी थोडे इनॉसिटॉल घेते आणि उलट थोडे ग्लिसरीन तयार करून सोडते, पण तो फरक किरकोळ.

या कामात वेळ साधावी लागते. यीस्टचे काम संपल्यावर पाणी उघडे राहिले तर हवेतून दुसरे जिवाणू येतात. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंच्या कुळातले काही असे आहेत की ते सॉर्बिटॉललाही सोडत नाहीत. त्याचे ते सॉर्बोज नावाच्या साखरेत रूपांतर करतात. फ्रान्समध्ये बूसँगो यांनी १८७२ साली रोवन नावाच्या झाडाच्या फळांतून सॉर्बिटॉल प्रथम वेगळे केले, आणि १८९६ साली बर्त्रां यांनी हे जिवाणूंचे काम दाखवून दिले. पुढे १९३० च्या दशकात रायखस्टाइन यांनी याच पायरीचा उपयोग करून जीवनसत्त्व ‘क’ तयार करण्याची रीत बसवली, आणि ती जगभर चालली. म्हणजे एकाचे नुकसान तो दुसऱ्याचा कारखाना! आपल्यापुरते लक्षात ठेवायचे ते एवढेच की एकाच हंड्यातून व्हिनेगर आणि सॉर्बिटॉल अशी दोन्ही पिके पुरती हाती लागत नाहीत. सॉर्बिटॉल हवे तर यीस्टच्या टप्प्यावरच थांबून हवा बंद करावी लागते.

आणखी एक वाट आहे. काही जिवाणू फळसाखरेचे मॅनिटॉल बनवतात. ल्यूकोनॉस्टॉक हे त्यांतले नाव. इडलीचे पीठ फुगवणाऱ्यांत ते असते. ऊस बागायतदारांना ते दुसऱ्या अंगाने ठाऊक आहे. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात पडला की रस चिकट होतो आणि कारखाना नाराज होतो, ते याचेच काम. त्या शिळ्या रसातही मॅनिटॉल सापडते. मात्र पक्व नारळाच्या पाण्यात मुळात साखर थोडी, त्यात फळसाखर आणखी थोडी. तेव्हा या वाटेने जायला बाहेरून साखर घालावी लागणार.

आता पैशाकडे येऊ. मागे किनाऱ्याजवळच्या एका गावातल्या बचत गटाच्या भगिनी माझ्याकडे एक छापील कागद घेऊन आल्या. कोणा यंत्रविक्याने तो दिला होता. एक झाकणाचे पिंप, एक गाळणी, एक आटवायची कढई, आणि ‘घरबसल्या औषधी शर्करा’.

“साहेब, ह्यात पैसे घालावेत की नाही, तेवढं सांगा,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

“ताई, तुमच्याकडे आठवड्याला नारळ किती फुटतात?”

“खोबऱ्याच्या वड्या आणि तेल मिळून चारशे धरा.”

आम्ही तिथेच कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. चारशे नारळांचे चाळीस लिटर पाणी. सॉर्बिटॉलचे प्रमाण नारळाच्या जातीप्रमाणे, वयाप्रमाणे बदलते, तरी समजा लिटरला दहा ग्रॅम धरले. सगळेच्या सगळे हाती लागले तर आठवड्याला चारशे ग्रॅम. त्यासाठी जवळजवळ चाळीस लिटर पाणी आटवायचे. साध्या चुलीवर लिटरभर पाणी आटवायला किलोभर तरी लाकूड जाते. म्हणजे एक मण लाकूड जाळून अर्ध्या किलोच्या आत माल. आणि कढईच्या तळाशी उरेल ते शुद्ध सॉर्बिटॉल नव्हेच. चाळीस लिटरांत शंभर ग्रॅम पोटॅश होते, तेही त्यातच उतरले. खारट, काळपट पाक तो. औषधवाल्याला लागतो तो स्वच्छ माल. त्यासाठी क्षार काढणारे राळेचे स्तंभ, कमी दाबाखाली थंडपणे आटवणारी यंत्रे आणि शुद्धता तपासणारी प्रयोगशाळा लागते. यांतले एकही त्या पिंपाबरोबर येणार नव्हते.

शिवाय स्पर्धा कोणाशी, तेही पाहा. बाजारातले सॉर्बिटॉल नारळातून येत नाही. मक्याच्या स्टार्चपासून द्राक्षसाखर करतात, तिच्यावर दाबाखाली हायड्रोजन वायूचा प्रयोग करतात, आणि पिंपेच्या पिंपे भरतात. रासायनिक मालात ते स्वस्तात गणले जाते. इनॉसिटॉल महाग आहे खरे, पण तेसुद्धा मका भिजवलेल्या पाण्यातून आणि भाताच्या कोंड्यातून काढतात, आणि नारळाच्या पाण्यात ते सॉर्बिटॉलच्या मानाने अगदी थोडे असते. त्या भगिनींनी कागद परत केला.

याचा अर्थ ही विद्या खोटी, असा नाही. रोज हजारो नारळ एका छपराखाली फुटतात, पाणी जमा होताच थंड केले जाते, वाफ आणि रसायनशाळा हाताशी असते, तिथे साखरेचे व्हिनेगर किंवा मद्यार्क आणि उरलेल्यातून शर्करा अल्कोहोल असा मेळ बसू शकेल. ते काम मोठ्या कारखान्याचे किंवा मोठ्या सहकारी संघाचे. तिथे तुमचा माल म्हणजे ताजे, स्वच्छ पाणी. कर्नाटकात टिपटूरकडे गोटा खोबरे करतात, तिथे तर नारळ आठ-दहा महिने माळ्यावर ठेवून पाणी आतल्या आत जिरवतात, म्हणजे गोळा करायला काही उरतच नाही. प्रत्येक पद्धतीचा हिशेब वेगळा.

मग घरच्या पातळीवर काय करावे? माझे मत विचाराल तर व्हिनेगर. गोव्यात माडीपासून व्हिनेगर करण्याची चाल जुनी आहे. तिथल्या स्वयंपाकात त्यावाचून चालत नाही. नारळाच्या पाण्याचेही तसेच चांगले होते.

फक्त एक गणित समजून घ्या. शेकडा एक भाग साखरेचा साधारण अर्धा भाग मद्यार्क होतो, आणि त्याचे पुढे अर्ध्याहून थोडे अधिक आम्ल. आपल्या पाण्यात साखर दोन-तीन टक्के, म्हणजे आम्ल जेमतेम एक-दीड टक्का. आंबवलेल्या व्हिनेगरमध्ये किमान पावणेचार टक्के आम्ल असावे असा आपल्याकडे नियम आहे. त्याखाली ते टिकतही नाही, वर बुरशी धरते. म्हणून दहा लिटर पाण्याला पाऊण किलो साखर वरून घालायचीच. गूळ चालतो, पण रंग काळसर येतो आणि गिऱ्हाईक कुरकुरते.

नारळ फोडायच्या आधी शेंडी काढून धुऊन घ्या. पाणी स्वच्छ फडक्यातून गाळा आणि दोन-तीन तासांच्या आत साखर घालून उकळा. वर येणारा फेस काढा. कोमट झाल्यावर बेकरीत मिळणारे कोरडे यीस्ट दहा लिटरला दहा ग्रॅम, थोड्या कोमट साखरपाण्यात जागे करून घाला. भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचे हवे. तांबे, पितळ, अॅल्युमिनियम यांना आम्ल खाते आणि तो कस पोटात जातो. झाकण असे ठेवा की आतला वायू बाहेर पडेल पण बाहेरची धूळ आत जाणार नाही. घट्ट बूच मारलेली बाटली फुटते. पाच-सहा दिवसांत बुडबुडे थांबतात. वरचे निवळ पाणी अलगद दुसऱ्या रुंद तोंडाच्या बरणीत काढा. त्यात दोन-अडीच लिटर जिवंत, म्हणजे न उकळलेले, जुने व्हिनेगर विरजणासारखे घाला. बरणी पाऊणच भरा. तोंडाला दुहेरी फडके बांधून सावलीत ठेवा. या वेळी हवा हवीच. दीड-दोन महिन्यांत वास पालटतो आणि जीभ आक्रसते. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशाळेत आम्ल मोजून घ्या. आकडा हाती आल्याशिवाय ते मुरवणीच्या लोणच्याला वापरू नका. भरण्यापूर्वी गाळून साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवा, म्हणजे बाटलीत पुन्हा साय धरणार नाही. पुढच्या खेपेचे विरजण मात्र तापवण्याच्या आधी बाजूला काढून ठेवायला विसरू नका.

मधल्या टप्प्यात पाण्यात चार-पाच टक्के मद्यार्क असतो, हे ध्यानात असू द्या. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. विकण्यासाठी करायचे तर आधी राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे विचारून घ्या आणि अन्नसुरक्षा नोंदणी करा. व्हिनेगरची रीत प्रत्यक्ष पाहायची असेल तर नारळ विकास मंडळाकडे आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेकडे चौकशी करता येते. नारळाच्या जातींविषयी, बाणवली असो की प्रताप, रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रातली मंडळी मोकळेपणाने बोलतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट नासक्या नारळाची. फोडल्यावर पाणी ढवळ, लालसर किंवा वासाचे निघाले तर “आंबवायचेच आहे, चालेल” असे म्हणून पिंपात ओतू नका. एक नासका नारळ साऱ्या पिंपाला लागतो. जावा बेटावर खोबऱ्याच्या चोथ्यापासून टेंपे बाँग्क्रेक नावाचा आंबवलेला पदार्थ करीत. त्यात एक विशिष्ट जिवाणू शिरला की असे विष तयार होई की खाणारी माणसे दगावत, आणि ते विष उकळूनही जात नसे. शेवटी १९८८ साली इंडोनेशियाने तो पदार्थ करण्यावरच बंदी घातली. डेन्मार्कमध्ये एक मनुष्य बाहेर ठेवलेल्या, आत बुरशी धरलेल्या नारळाचे पाणी प्यायला आणि दुसऱ्या दिवशी गेला. म्हणून प्रत्येक नारळाचे पाणी आधी लहान वाटीत काढा, पाहा, हुंगा, आणि मग मोठ्या भांड्यात ओता. देवळातले फरशीवर सांडलेले पाणी गोळा करण्याच्या फंदात तर पडूच नका. नारळ फोडण्याच्या दगडाखाली स्टीलचे झाकणबंद पातेले आणि गाळणी बसवली, ती दर तासाला धुतली, तरच विचार करावा.

तळाशी बसलेला यीस्टचा गाळ कंपोस्टच्या खड्ड्यात घाला, गुरांच्या पुढे ठेवू नका. धुतल्या भांड्यांचे पाणी आणि खराब निघालेल्या नारळांचे पाणी चौपट-पाचपट साध्या पाण्यात मिसळून माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून तीन-चार फुटांवर पसरून द्या. एकाच माडाला रोज देऊ नका, आळीपाळीने द्या. लिटरामागचे अडीच ग्रॅम पोटॅश तेवढे तरी परत झाडाला मिळते, आणि पोटॅशची भूक माडाला इतर झाडांहून मोठी असते.